गोटा ठेवायचा म्हणताय? मग रोजचे तोटे आधी ऐकून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे की समोरून आणि टाळूवर केस विरळ झालेत, रोज इकडचे केस तिकडे ओढून झाकाझाकी करायचा वैताग आलाय, तेव्हा सरळ गोटा करून टाकावा म्हणतोय. फायदे सगळेच सांगतात, पण रोजच्या जगण्यात त्रास काय होतो ते करणाऱ्याने सांगावं. तर मी सांगतो. लोकांची डोकी भादरणं हाच माझा धंदा आहे आणि माझं स्वतःचं डोकंही कित्येक वर्षं चकोट आहे, त्यामुळे खुर्चीत बसणाऱ्याचं आणि खुर्चीमागे उभं राहणाऱ्याचं, दोघांचंही मला माहितीये.

सगळ्यात आधी ते 'एकदा केला की कटकट संपली' हे डोक्यातून काढा. उलट आहे. केस होते तेव्हा महिन्यातून एकदा कापून यायचात, गोट्याला रोज नाहीतर एक दिवसाआड हात लावावाच लागतो. डोक्यावरचा केस दिवसाला साधारण ०.३५ मिलिमीटर वाढतो, म्हणजे महिन्याला सेंटीमीटरभर. लांब केसात एवढं कोणाला कळतसुद्धा नाही, पण गुळगुळीत केलेल्या डोक्यावर हाच पाव-अर्धा मिलिमीटर लगेच जाणवतो, सकाळी वस्तरा मारलाय आणि रात्री झोपताना हात फिरवला तर खरखर. दुसऱ्या दिवशी हाताला टोचतं आणि तिसऱ्या दिवशी समोरच्याला लांबून दिसतं.

आणि काय दिसतं ते नीट ऐका, कारण केस गळतात म्हणून गोटा करणाऱ्यांना हेच आधी कोणी सांगत नाही. टाळूवर केस विरळ असतात, पण एका कानापासून मागून दुसऱ्या कानापर्यंत जो पट्टा असतो तिथले केस दाट असतात. मग दोन दिवस हात लावला नाही की तो पट्टा काळपट दिसायला लागतो आणि वरचा भाग मोकळा चकाकतो, म्हणजे जे टक्कल लपवायला गोटा केला त्याचीच आउटलाइन काढून ठेवल्यागत. ज्याचे केस सगळीकडे सारखे दाट आहेत त्याने चार दिवस आळस केला तर ते स्टाइल म्हणून खपतं, तुमचं खपणार नाही. म्हणून केस गळणाऱ्या माणसाला गोटा सगळ्यात जास्त शोभतो आणि त्यालाच तो सगळ्यात जास्त सांभाळावा लागतो.

इथेच एक जुनं खूळ पण निकालात काढतो, वस्तरा मारला की केस दाट येतात हे. नाही येत. १९२८ सालीच मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या संशोधक बाईंनी मोजमाप करून दाखवलं होतं की वस्तऱ्याने केसाची जाडीही बदलत नाही आणि वाढायचा वेगही नाही. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, वस्तऱ्याने ते आडवं कापलं जातं, म्हणून हाताला जाड आणि राठ लागतं, बाकी काही नाही. दोन-चारदा गोटा केला की टाळूवर जंगल उगवेल या आशेने करत असाल तर करूच नका.

आता प्रत्यक्ष करायचं कसं आणि त्यात काय काय डोकेदुखी आहे. दाढी करताना गाल समोर आरशात दिसतो, डोक्याचा निम्मा भाग तुम्हाला दिसतच नाही. आरसा पुढे, छोटा आरसा मागे धरून लोक बघतात खरं, पण त्यात डावं-उजवं उलटंपालटं होऊन हात भलतीकडेच जातो, शिवाय एका हातात आरसा धरला तर कातडी ताणायला हात उरत नाही. म्हणून मागचं सगळं बोटांनी चाचपडूनच करावं लागतं, एक हात पुढे चाचपत जातो आणि दुसरा वस्तरा घेऊन त्याच्यामागून. सुटायच्या जागा ठरलेल्या आहेत. एक म्हणजे कानाच्या मागची खाच, तिथे हमखास एक बारीक पट्टी राहते जी तुम्हाला सोडून मागच्या खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाला दिसते. दुसरी जागा मानेवरच्या वळ्या. मान वर करून बघता तेव्हा वळी पडते आणि आतले केस सुटतात, तिथे हनुवटी पार छातीला टेकवून कातडी सपाट केल्याशिवाय वस्तरा लावूच नये. अंगाने भरलेल्या माणसाला ही जागा रोज छळते.

तिसरी आणि खरी अवघड जागा म्हणजे भोवरा. बाकी डोक्यावर केस कुठल्या बाजूला झुकलेत ते ठरलेलं असतं, पुढे पुढच्या बाजूला, कडेला खाली, त्यामुळे सुलटा हात (केसांच्या दिशेने) कुठला आणि उलटा (केसांच्या विरुद्ध) कुठला हे कळतं. भोवऱ्यात केस गोल फिरत जातात, म्हणजे तुम्ही वस्तरा कसाही न्या, अर्ध्या केसांना तो उलटाच लागणार. ज्यांना घाई असते ते तिथे एकाच दिशेने चार-पाचदा घासतात, मग भोवऱ्याच्या मधोमध लाल चट्टा आणि संध्याकाळी पुटकुळ्या. तिथे भरपूर फेस पाहिजे, बोटाच्या पेराएवढे छोटे छोटे हात मारायचे, आणि दरवेळी दिशा थोडी थोडी वळवत भोवऱ्याच्या भोवतीने जायचं. भोवरे दोन असतील (असतात काही जणांना) तर मग इलेक्ट्रिक शेव्हरच बरा.

वेळ किती लागतो? हात बसल्यावर दहा-पंधरा मिनिटं, सुरुवातीला त्याच्या दुप्पट धरून चाला. डोकं आधी कोमट पाण्याने नीट भिजू द्या, अंघोळीनंतर केलं तर उत्तम. केस आठवडाभराचे वाढलेले असतील तर आधी केस कापायचं मशीन फिरवा आणि मग वस्तरा घ्या, नाहीतर रेझरचं कार्ट्रिज (ब्लेड बसवलेला पुढचा भाग) दोनदा फिरवलं की केसांनी भरून जातं आणि मग ते कापत नाही, ओढतं. ब्लेड दाढीपेक्षा लवकर बोथट होतं कारण डोक्याची जागाच केवढी मोठी. बोथट ब्लेडने आपण नकळत दाब देतो आणि कापतं ते त्यानेच. अजून एक, घरात एकाच रेझरने दोघं-तिघं भादरतात ते बिलकुल नको, रक्तातून जाणारे आजार असतात, हिपॅटायटिस बी आणि सी आहेत, एचआयव्ही आहे. बाहेर करून घेत असाल तर ब्लेड तुमच्या डोळ्यासमोर नवीन फोडायला लावा, सांगायला लाजू नका, चांगला कारागीर त्यात अपमान मानत नाही.

कापलंच तर रक्त बघून घाबरू नका, डोक्याची जखम असते छोटी आणि वाहते मोठी. डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्या भरपूर, आणि त्या खालच्या घट्ट थरात अशा धरून ठेवलेल्या असतात की कापल्यावर आकसून बंद होत नाहीत, म्हणून एवढंसं खरचटलं तरी शर्टची कॉलर लाल. स्वच्छ कापड चार-पाच मिनिटं न उचलता दाबून धरा, मध्ये मध्ये उचलून बघत बसू नका, मग ओली तुरटी. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर वस्तऱ्याच्या वाट्याला जाऊच नका, मशीन नाहीतर इलेक्ट्रिक शेव्हर. डोक्यावर उंचवटा असलेला तीळ असेल तर तो कुठे आहे ते घरच्या कोणाकडून नीट बघून घ्या, कारण बाहेरचा कारागीर पहिल्याच वेळी तो उडवतो, त्याला केसात दिसलेला नसतो ना.

कापण्यापेक्षा जास्त छळतात त्या पुटकुळ्या. केस फार खोल कापला, विशेषतः उलटा हात मारून, की त्याचं टोकदार टोक कातडीच्या आत राहतं आणि वाढताना बाहेर यायच्याऐवजी आतच घुसतं, मग तिथे लाल फोड, खाज, कधी पू. कुरळ्या केसांच्या माणसांना हे जास्त होतं कारण त्यांचा केस बाहेर आला तरी वळून परत कातडीत शिरतो. उपाय फार भारी नाही पण लोकांना पटत नाही, उपाय म्हणजे कमी गुळगुळीत करा. सुलट्या हातावर थांबा, कातडी फार ताणू नका, शक्य असेल तर एक दिवस मध्ये सोडा. आतला केस सुईने कोरून काढायचा नाही. मानेच्या मागे, केसांच्या कडेला, कडक कडक गाठी यायला लागल्या तर मात्र वस्तरा ताबडतोब थांबवा आणि स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. त्या गाठी एका वेगळ्या प्रकारच्या असू शकतात, ज्यात जखमेचे व्रण जाड होत जातात आणि मग तिथले केस कायमचे जातात, आणि जवळून भादरत राहिलं की ते वाढतच जातं. ज्यांच्या अंगावर साध्या जखमेचा व्रण पण फुगून येतो त्यांनी तर गोट्याआधीच विचारून घ्यावं.

बरं हे झालं बाथरूममधलं. बाहेर पडलात की पहिला शत्रू ऊन. केस कितीही विरळ असले तरी डोक्यावर काहीतरी आडोसा असतो, भांगाच्या रेषेवर ऊन लागून जळजळतं ते आठवा, आता सगळं डोकंच भांग झालंय. शिवाय ही कातडी आयुष्यभर केसांखाली होती, तिने ऊन बघितलेलंच नाही, त्यामुळे पहिल्यांदा गोटा केल्यावर चेहऱ्यापेक्षा डोकं पांढरट दिसतं, कपाळावर सरळ एक सीमारेषा, आणि भाजतं पण तेच आधी. भाजलं की रात्री उशीवर डोकं टेकवता येत नाही, आणि चार दिवसांनी कातडीचे पापुद्रे सुटतात जे लोकांना कोंडा वाटतात.

तर सनस्क्रीन. हो, डोक्याला, आणि कानांच्या वरच्या कडेला सुद्धा. एसपीएफ ३० वाला यूव्हीबी (कातडी भाजणारी) किरणं साधारण ९७ टक्के अडवतो आणि ५० वाला ९८ टक्के, म्हणजे आकड्यावरून फार भांडू नका, भांडण आहे ते किती जाड लावता आणि परत लावता का यावर. उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत, घाम आला किंवा डोकं पुसलं तर लगेच परत. ढग असले तरी लावायचा, ढगातून बरंच येतं, आणि गाडीच्या बाजूच्या साध्या काचेतून यूव्हीए (उन्हातली दुसऱ्या प्रकारची किरणं) येतंच. आता सांगणं सोपं आहे पण प्रत्यक्षात काय होतं बघा, खुंट वाढलेल्या डोक्यावर जाड क्रीम लावलं की ते खुंटात अडकतं आणि डोकं पिठाने माखल्यासारखं पांढरट दिसतं, झिंक ऑक्साइडवालं असेल तर विचारूच नका. म्हणून डोक्यासाठी पातळ जेल नाहीतर स्टिक. आणि घाम आला की तेच सनस्क्रीन वाहत वाहत डोळ्यात, मग अशी काही चुरचुर की गाडी चालवत असाल तर बाजूला थांबावंच लागतं. माझं स्पष्ट मत आहे की दुपारच्या उन्हात क्रीमपेक्षा टोपी बरी, चारही बाजूंनी काठ असलेली, नुसती पुढे चोच असलेली नाही, त्यात कान आणि मान उघडीच राहते.

ही नुसती रंग काळवंडायची गोष्ट नाहीये. वर्षानुवर्षं ऊन खाल्लेल्या उघड्या टाळूवर खरखरीत, खपलीसारखे छोटे डाग येतात, बघण्याआधी हाताला लागतात. त्यातले काही पुढे जाऊन कातडीच्या कॅन्सरमध्ये बदलू शकतात. सगळे बदलत नाहीत, पण कुठला बदलेल ते आपण सांगू शकत नाही. माझ्याकडे येणाऱ्या वयस्कर माणसांच्या डोक्यावर असा न जाणारा डाग किंवा न भरणारी जखम दिसली की मी तोंडावर सांगतो की हे ब्लेडने झालेलं नाही, दाखवून घ्या. गोट्याचा एक बरा भाग म्हणजे असं काही असेल तर निदान दिसतं तरी.

घामाचं. केस आणि घाम यांचा काय संबंध हे गोटा केल्याशिवाय कळत नाही. केसात घाम अडकतो, हळूहळू सुकतो. गोट्यावरून तो थेट खाली, कपाळावर, भुवयांनी थोडा अडवला तर अडवला, नाहीतर डोळ्यात, आणि मागून मानेवरून कॉलरमध्ये. व्यायाम करणाऱ्याने कपाळाला पट्टी बांधावी, बाकीच्यांनी खिशात रुमाल ठेवावा आणि तो घासू नये, टेकवावा, नुकताच वस्तरा फिरवलेल्या कातडीवर रुमाल घासला तर ती दिवसभर चुणचुणते.

आणि तेल. लोक म्हणतात टकल्याचं डोकं चमकतंच, ते काय नुसतं केस नाहीत म्हणून नाही. केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, केस कापला म्हणून ती संपावर जात नाही. आधी ते तेल केसावर पसरायचं, आता कातडीवरच बसून राहतं, म्हणून दुपारपर्यंत डोकं तुकतुकीत आणि फोटोत, व्हिडिओ कॉलवर वरच्या लाइटचा गोळा बरोबर टाळूवर. उशीचा अभ्रा तर लवकर तेलकट होतो आणि वास मारतो, दोन-तीन दिवसांनी बदलत जा. मग लोक काय करतात, अंगाचा साबण घेऊन दिवसातून तीनदा डोकं धुतात. साध्या साबणाचा पीएच (आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) ९-१० असतो, कातडीचा ५ च्या आसपास, त्यामुळे डोकं आधी ताणलं जातं, मग कोरडं पडून सोलतं, आणि वरून परत तेलकट दिसतंच. चेहऱ्याला वापरता तेच सौम्य फेसवॉश दिवसातून एक-दोनदा, वरून हलकं मॉइश्चरायझर, मॅट लिहिलेलं असेल तर चमक कमी राहते. स्पिरिटवाला आफ्टरशेव्ह डोक्यावर ओतायची हौस असेल तर एकदा करून बघा, दुसऱ्यांदा करणार नाही.

केस गेले की कोंडा गेला असंही समजू नका. कोंडा केसाचा नसतो, कातडीचा असतो, तिथलं तेल आणि त्यावर जगणारी बुरशी यातून तो येतो, तो गोट्यावर पण येतो. फरक इतकाच की आधी तो केसात लपायचा, आता लाल चट्टे आणि खपल्या उघड्यावर. सोरायसिसवाल्यांचं तसंच. पण औषध लावायला गोटा फार सोपा, लावलेलं थेट कातडीला लागतं, हे पण सांगायला पाहिजे.

थंडी वाजते. एवढंच म्हणून पुढे गेलो असतो, पण 'शरीराची ४०-५० टक्के उष्णता डोक्यातून जाते' हे लोक अजून ऐकवतात. डोकं म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा दहावा हिस्सा, उष्णताही साधारण तेवढीच जाते. तरी डोकं आणि चेहरा गारव्याला जास्त हळवे असतात, त्यामुळे एसीचा झोत टाळूवर आला की नको होतं आणि रात्री पंख्याखाली झोपताना पातळ टोपी शोधावी लागते. पावसाचा पहिला थेंब तुम्हाला सगळ्यांच्या आधी कळेल. माशी बसली तरी कळते, डासाला तर एवढं मोकळं मैदान मिळालेलं असतं की विचारू नका.

आता एक असं सांगतो जे बऱ्याच जणांना करून झाल्यावरच लक्षात येतं. गोटा केल्यावर माणूस डोकं आपटतो. उघडं राहिलेलं कपाटाचं दार, गाडीची डिकी, जिन्याखालचा कोपरा, जिथे आधी कधी लागलं नाही तिथे लागतं. कारण नुसतं केसांची गादी गेली एवढंच नाही, केस खबर देतात. प्रत्येक केसाच्या मुळाशी नसांचं जाळं असतं, टोकाला काही स्पर्श झाला की कातडीला लागायच्या आधी कळतं आणि मान आपोआप खाली जाते. ती एक-दोन सेंटीमीटरची सूचना बंद झाली. त्यात जे लागतं ते थेट कातडीला आणि त्याची खपली आठवडाभर सगळ्यांना दिसते, आणि प्रत्येक जण विचारतो की हे काय झालं.

कपड्यांचं तर रोजचंच. एक-दोन दिवसांचे खुंट वेल्क्रोसारखे कापडाला धरतात. टी-शर्ट डोक्यातून घालताना अर्ध्यात अडकतो, टॉवेलचे धागे डोक्यावर राहतात आणि तसेच ऑफिसात जाता, लोकरीच्या टोपीचं आतलं अस्तर महिन्याभरात गोळे गोळे, झोपेत कूस बदलली की उशीवर खर्रर्र आवाज आणि शेजारचा माणूस जागा. तुळतुळीत असेल तेव्हा हे काही नाही, आणि अर्धा-पाऊण सेंटीमीटर झाले की केस मऊ पडून पण नाही, मधले दिवस वाईट. काळा टॉवेल घेऊ नका, धागे जास्त दिसतात.

हेल्मेटवाल्यांनी लक्ष द्या, दाट केस असताना घेतलेलं हेल्मेट गोटा केल्यावर सैल होऊ शकतं, आणि सैल हेल्मेट म्हणजे धोका, घालून मान हलवून बघा, हेल्मेट डोक्यावर फिरत असेल तर आतलं पॅडिंग किंवा साइझ बदला. आतून सुती टोपी घातली तर घाम आणि घासणं दोन्ही कमी होतं, ती रोज धुवायची मात्र. हेल्मेट काढल्यावर डोक्यावर पॅडचे लाल ठसे उमटलेले असतात आणि केस नाहीत म्हणून ते लपत नाहीत, हेडफोनच्या पट्टीची तर मधोमध खाच पडते. गॉगल डोक्यावर चढवून ठेवायची सवय असेल तर ती सोडा, घसरून नाकावर येतो.

दिसण्याचं मी शेवटी ठेवलंय कारण ते ज्याचं त्याने ठरवायचं, पण खुर्चीवरचा अनुभव सांगतो. डोक्याचा आकार कोणालाच आपला माहीत नसतो. मागून सपाट, एका बाजूला जरा दबलेलं, मागे मध्यावर हाडाचा उंचवटा (पुरुषांना तो जास्त असतो आणि हे नॉर्मल आहे, गाठ समजून घाबरून येतात लोक), लहानपणी पडल्याचे टाके जिथे केस उगवलेलेच नाहीत, जन्मखूण. मी करण्याआधी डोकं ओलं करून केस चापून बसवतो आणि गिऱ्हाइकाचाच हात त्याच्या डोक्यावरून फिरवायला लावतो, अर्धं चित्र तिथेच कळतं. केस गेले की नजर खाली उतरते, कान मोठे वाटतात, भुवया उठून दिसतात, गोल चेहरा अजून गोल. बारीक दाढी ठेवली तर चेहऱ्याला तोल येतो, पण मग दाढी पण सांभाळा, म्हणजे काम वाढलंच.

लोक काय म्हणतात? पहिले पंधरा दिवस प्रत्येक जण विचारतो, आजारी आहेस का, बरा आहेस ना, काही झालं का. कोणी न विचारता डोक्यावरून हात फिरवतं, टपली मारतं. अनोळखी माणसं जरा दबकून वागतात. २०१२ साली अमेरिकेतल्या व्हार्टन स्कूलच्या अल्बर्ट मॅनेस यांचा यावर अभ्यास आला होता, त्यांनी त्याच माणसांचे फोटो एकदा केसांसकट आणि एकदा कॉम्प्युटरवर केस काढून लोकांना दाखवले, तर बिनकेसाचे फोटो लोकांना जवळपास इंचभर उंच आणि १३ टक्के जास्त ताकदवान वाटले, रुबाबदार वाटले, पण वयाने मोठे आणि दिसायला कमी पण वाटले. हे मला खुर्चीवर रोज पटतं. तरुण दिसायला म्हणून गोटा करणारा बहुतेक वेळा हिरमुसतो, आणि ज्याला ते विरळ केस सांभाळणंच जड झालेलं असतं तो खूश होऊन जातो. बायकांनी गोटा ठेवला तर हे सगळं दुपटीने ऐकावं लागतं, आजारपणाचा प्रश्न तर हमखास, आणि ज्यांचे केस खरंच औषधोपचाराने गेलेत त्यांनी वस्तरा नको, मशीनवरच थांबावं, त्या काळात साधी जखम पण महागात पडू शकते.

नाही आवडला तर? परत वाढवता येतोच, पण दोन-तीन महिने धीर धरायची तयारी पाहिजे. महिन्याला सेंटीमीटर म्हणजे पहिल्या महिन्यात सगळं टोचरं, दुसऱ्या महिन्यात कानावरचे केस फुगतात आणि वरचे विरळच, त्यामुळे आधी होतं त्याहून वाईट वाटतं. तेव्हा कडेचे बारीक करत राहायचे आणि वरचे वाढू द्यायचे, नाहीतर त्याच चिडीत माणूस परत गोटा करून बसतो.

म्हणून माझ्याकडे कोणी पहिल्यांदा येतो तेव्हा मी एकदम वस्तरा काढत नाही. आधी मशीनला ३ नंबरची कंगवी, म्हणजे केस साधारण १० मिलिमीटर राहतात. आठवड्याने २ नंबर, सहा मिलिमीटर. मग १ नंबर, तीन मिलिमीटर. प्रत्येक पायरीवर डोक्याचा आकार, उन्हाचा त्रास, घरच्यांची तोंडं सगळं थोडं थोडं कळत जातं आणि नको वाटलं तर तिथूनच मागे फिरता येतं. बरेच जण १ नंबरवरच कायमचे थांबतात आणि मला विचाराल तर विरळ केसांसाठी तीच सगळ्यात शहाणपणाची जागा आहे, टी-शर्ट अडकेल आणि सनस्क्रीन लावावाच लागेल, पण पुटकुळ्या नाहीत, कापाकापी नाही, आठवड्यातून एकदा मशीन फिरवलं की झालं. तिथून पुढे तुळतुळीतच पाहिजे असेल तर सुट्टीच्या आदल्या दिवशी करा, लग्नकार्याच्या किंवा इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी नाही, आणि सनस्क्रीन वस्तऱ्याच्या आधी घरात आणून ठेवा.